रूळ उखडलेल्या वाटेवर

पहाटे पावणेसहा

निघण्याआधी तीन गोष्टी रोज हाताने तपासतो: टायरमधली हवा, ब्रेक आणि दिवे. सायकली दुरुस्त करणं हाच माझा धंदा, त्यामुळे इतरांना जे सांगतो ते स्वतः न चुकता करतो. डब्यात पोळी-भाजी, पाठीवरच्या पिशवीत पान्हे, दोन ट्यूब, पंप. रात्रपाळी संपवून बायको घरी येते तेव्हा मी दारात बूट घालत असतो. तिच्याशी दोन शब्द बोलून मी निघतो.

घर व्हेंचुरात आहे, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, लॉस एंजेलिसच्या वायव्येला शंभरेक किलोमीटरवर. दुकान ओहाय गावात, खोऱ्याच्या वरच्या अंगाला. मधलं अंतर सव्वीस किलोमीटरच्या आसपास. घराजवळच्या चार गल्ल्या सोडल्या तर या सगळ्या अंतरात मी मोटारींच्या सोबतीने सायकल चालवत नाही. नदीकाठाने समुद्रापासून ओहायपर्यंत सलग डांबरी वाट आहे आणि तिच्यावर मोटारीला परवानगी नाही. वर्षाचे बाराही महिने पोटापाण्यासाठी एखाद्याला असं जाता-येता यावं, हे मला फार मोलाचं वाटतं. रविवारच्या हौशी फेरीपुरतं ते महत्त्वाचं नाही.

सहा वाजता

समुद्राकडेची वाट अजून अंधारात असते. सप्टेंबरातही सकाळचं धुकं पाण्यावरून आत सरकतं आणि चष्म्यावर बसतं. सर्फर्स पॉइंटला लाटा कानांवर येतात, दिसत नाहीत. लाटांवर फळी घेऊन जाणारी माणसं मात्र एवढ्या अंधारातही गाडीच्या डिकीशी उभी राहून काळे सूट चढवत असतात.

इथली सायकलवाट १९८९ मध्ये बांधली. ती पाण्याला इतकी खेटून होती की थोड्याच वर्षांत लाटांनी तिच्या कडा खायला सुरुवात केली. अशा वेळी सरकारी खात्यांना पहिल्यांदा दगडी बंधारा आठवतो. इथे बऱ्याच वर्षांच्या वादानंतर वेगळं ठरलं: वाट आणि गाडीतळ दोन्ही जमिनीकडे मागे घ्यायचे, पुढे गोटे अंथरायचे आणि त्यांवर वाळूच्या टेकड्या उभारायच्या. २०११ मध्ये त्याचा पहिला टप्पा पुरा झाला. किनारा पुन्हा किनाऱ्यासारखा झाला आणि वाट टिकली. समुद्र जिथवर येणार तिथून बाजूला होण्यात कमीपणा मानला नाही, याचं मला मनापासून कौतुक आहे. आपल्याकडे कोकणात धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांवर इतकी वर्षं दगड ओतले जात आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

सव्वासहा ते सात

नदीच्या मुखाशी वाट उत्तरेला वळते. मेन स्ट्रीटपाशी समुद्राची वाट संपून नदीची वाट सुरू होते, आणि पुढचे दहा किलोमीटर देखणे नाहीत. एका बाजूला महामार्ग ३३, दुसरीकडे पत्र्याच्या शेड, पाइपांचे ढीग, ट्रकदुरुस्तीची आवारं. टेकड्यांवर तेलाचे पंप मान वरखाली करत असतात. व्हेंचुरा अॅव्हेन्यूचं हे तेलक्षेत्र शंभर वर्षांपासून चालू आहे. एक तेलशुद्धीकरण कारखाना १९८४ साली बंद पडला, त्याची जागा वाटेलगतच आहे.

सुट्टीच्या दिवशी येणारे सायकलस्वार हा टप्पा मान खाली घालून पार करतात. मला मात्र सगळ्यात जास्त माणसं इथेच भेटतात. जुन्या, जड सायकलींवरून, हँडलला डबा लटकवून कामगार पाळीवर चाललेले असतात. कुणी गोदामात, कुणी नर्सरीत, कुणी हॉटेलच्या मुदपाकखान्यात. बहुतेक मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबांतले. ‘ब्वेनोस दीआस’ म्हणून मी पुढे होतो, किंवा ते होतात. यांतल्या अनेकांकडे मोटार नाही, आणि या देशात मोटार नसणं म्हणजे काय ते इथे राहिल्यावरच कळतं. त्यांच्या सायकलींना बहुतेक वेळा दिवा नसतो. म्हणून माझ्या पिशवीत दोन-चार स्वस्त दिवे असतात. कुणाला पैसे द्यायचे असले तर देतो, नसले तर मी पुन्हा विचारत नाही.

वाटेची आखणी करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सहलीला निघालेली कुटुंबं असतील. पण अंधारात या वाटेवर भरवसा टाकणारा माणूस हा आहे. डांबराला पडलेली भेग त्याला आधी लागते.

सात वाजता, फॉस्टर पार्क

इथे व्हेंचुरा शहराने बांधलेली वाट संपते आणि काउंटीची सुरू होते. खालची १९९९ मधली, वरची १९८७ मधली. म्हणजे वरची आधी झाली आणि तिला समुद्राशी जोडायला बारा वर्षं गेली. सिकमोर आणि ओकची झाडं दोन्ही बाजूंनी जवळ येतात, धुकं मागे राहतं, हवेतला ओलावा कमी होतो.

इथून ओहायपर्यंत पंधराएक किलोमीटर चढ आहे, पण तो चढ वाटत नाही. कारण ही मुळात आगगाडीची वाट. १८९८ मध्ये व्हेंचुरा ते ओहाय रेल्वे सुरू झाली. त्या वेळी ओहायचं नाव नॉर्डहॉफ होतं, १९१७ साली ते बदललं. पुढे ही शाखा सदर्न पॅसिफिक कंपनीच्या जाळ्यात आली आणि खोऱ्यातली संत्री-लिंबं खाली नेऊ लागली. आगगाडीला चढ सोसत नाही, म्हणून त्या काळच्या अभियंत्यांनी खोऱ्याच्या कलाने, वळसे घेत, शंभर मीटरला जेमतेम एक मीटर चढेल असा पाया घातला. ओहाय समुद्रसपाटीपासून सव्वादोनशे मीटरच्या वर आहे. तेवढं चढून जाताना सत्तरीतल्या माणसाचाही दम उखडत नाही, याचं श्रेय सव्वाशे वर्षांपूर्वी दुर्बीण लावून जमिनीची पातळी मोजणाऱ्या त्या माणसांचं.

रेल्वे बुडाली ती पाण्याने. १९६९ च्या जानेवारीतल्या महापुरात खालचा रूळमार्ग वाहून गेला आणि तो पुन्हा घालावा इतका माल उरला नव्हता. रूळ निघाले, पाया राहिला. त्या पायाच्या जमिनीचे तुकडे करून विकले असते तर आज इथे कुंपणं आणि गॅरेजं दिसली असती. तशी जमीन एकदा हातची गेली की पुन्हा सलग पट्टा मिळत नाही. वाट व्हायला अठरा वर्षं लागली, पण तोवर कुणीतरी तो पट्टा अखंड राखला, हेच या सगळ्या गोष्टीतलं मोठं काम.

साडेसात

कसीटस स्प्रिंग्जची वस्ती ओलांडली की सान अँटोनियोचा ओढा. सप्टेंबरात त्याच्यात पाण्यापेक्षा गोटेच जास्त. पण २०२३ च्या जानेवारीत याच ओढ्याने वाट तोडली. एका रात्रीत पाणी चढलं, भराव खचला आणि हा टप्पा बंद करावा लागला.

त्या काळात सव्वीस किलोमीटरांपैकी फार थोडी वाट बंद होती. तरी रोज जाणाऱ्यांपैकी कितीतरी माणसं येईनाशी झाली. कारण मधला तुकडा महामार्गाच्या कडेने काढावा लागायचा, जिथे शेजारून ताशी नव्वदच्या वेगाने ट्रक जातात. मीही काढला. हात घट्ट, खांदे कानांपर्यंत चढलेले, आरशात सारखी नजर. तेव्हा एक गोष्ट मनात पक्की बसली: वाटेची लांबी किलोमीटरमध्ये मोजून काही कळत नाही. आई आपल्या दहा वर्षांच्या मुलाला जिथून एकट्याने जाऊ देणार नाही, तिथे ती वाट संपते. पलीकडे कितीही सुंदर डांबर असो.

म्हणून दुरुस्तीच्या खर्चाबद्दल कुणी कुरकुर केली की मला राग येतो. महामार्ग खचला तर तो दुरुस्त करावा का, असा प्रश्न कुणी विचारत नाही.

पावणेआठ ते सव्वाआठ

सांता आना बुलेव्हारची ओलांडणी. इथे मोटारींचा रस्ता वाटेला आडवा जातो. थांबतो, दोन्हीकडे पाहतो, गाडीवाल्याच्या डोळ्यांत पाहतो, मगच निघतो. समोरच्याने हात करून पुढे जायला सांगितलं तरी पलीकडच्या पट्ट्यातला थांबलाय का ते बघावंच लागतं. अशा वाटांवरचे धोक्याचे प्रसंग मुख्यतः अशा ठिकाणीच येतात.

ओक व्ह्यूनंतर शाळेची पोरं भेटतात, आणि घोडे. डांबरी वाटेला लागून मातीची घोडवाट आहे, मधे लाकडी कठडा. घोड्यामागून जाताना घंटी वाजवायची नाही. माणसाच्या आवाजात बोलायचं. घंटीने घोडा बिथरतो, आवाज ओळखीचा असतो. मी मराठीतच ‘आलो रे बाबा, आलो’ म्हणतो. घोड्यांना चालतं.

मीरा माँटे, मग नॉर्डहॉफ हायस्कूल, मग लिबी पार्कच्या मागून गावात. नळावर तोंड धुतो, शर्ट बदलतो. टोपाटोपाच्या कड्यावर ऊन आलेलं असतं आणि खाली व्हेंचुरात अजून धुकं असणार.

नऊ ते साडेबारा

दुकान उघडल्या उघडल्या पंक्चर. या दिवसांत सकाळची निम्मी कामं पंक्चरची, आणि त्यांतली बहुतेक एकाच काट्याची: सराटा. आपल्या माळरानावर, शेताच्या बांधावर अनवाणी पायात घुसतो तोच. इथे तो परदेशातून आलेलं तण म्हणून पसरला. फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला असे काटे, की कसाही पडला तरी एक वर टोक करून राहतो. टायर बाहेरून पुसून भागत नाही. आतून बोट फिरवून काटा सापडला पाहिजे, नाहीतर नवी ट्यूब दारापर्यंतही टिकत नाही. सांगलीत वडिलांच्या दुकानात पाण्याच्या घमेल्यात ट्यूब दाबून बुडबुडे शोधायला शिकलो, ते घमेलं इथेही ठेवलं आहे.

मग एका चाकाचा आउट काढला. तारा सैल झालेल्या, दोन तुटलेल्या. हे काम घाईने होत नाही. चाक फिरवायचं, रिम कुठे घासते ते कानाने ऐकायचं, पाव फेरा आवळायचं, समोरची तार तेवढीच सैल करायची.

दहाच्या सुमाराला शाळेतल्या एका मुलाची आई इलेक्ट्रिक सायकल घेऊन आली. म्हणाली, अजून वेगाने जाईल असं काही करता येईल का. नाही म्हणालो, आणि का ते समजावून सांगितलं. कॅलिफोर्नियात इलेक्ट्रिक सायकलींचे तीन वर्ग आहेत. पहिल्या दोन वर्गांत मोटरची मदत ताशी बत्तीस किलोमीटरच्या आसपास थांबते. तिसऱ्यात पंचेचाळीसपर्यंत, पण ती सोळा वर्षांखालच्या मुलाने चालवायची नाही आणि स्थानिक परवानगी नसेल तर अशा वाटेवर आणायचीही नाही. अठराच्या आतल्यांना हेल्मेटची सक्ती आहे. इलेक्ट्रिक सायकलीला माझा विरोध नाही. गुडघे दुखणारी कितीतरी माणसं तिच्यामुळे पुन्हा खोऱ्यात फिरू लागली आहेत. पण पायडल नावापुरतं आणि वेग मोटरसायकलचा, अशी वाहनं या आठ-दहा फुटी वाटेवर आली, तर जी भीती दूर करायला ही वाट बांधली तीच परत येईल. बाई ऐकून घेत होत्या. शेवटी त्यांनी ब्रेकचे पॅड बदलून घेतले आणि एक हेल्मेट घेतलं.

अकराला दारात मराठी ऐकू आली. पुण्याचं एक जोडपं, दोघंही पंचाहत्तरीच्या घरातली. ओहायला मराठी माणूस आला की बहुतेक वेळा तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींसाठी आलेला असतो. कृष्णमूर्ती इथे पहिल्यांदा १९२२ मध्ये आले, क्षयाने आजारी भाऊ नित्याला कोरडी हवा मानवेल म्हणून. नित्या १९२५ साली इथेच वारला. स्वतः कृष्णमूर्तींनी १९८६ च्या फेब्रुवारीत याच गावात देह ठेवला. ते राहत ते पाइन कॉटेज वाटेच्या पूर्व टोकापासून फार लांब नाही. जोडप्यातले काका हे समाजवादी नेते अच्युतराव पटवर्धनांची भाषणं ऐकून कृष्णमूर्तींच्या पुस्तकांकडे वळलेले. सकाळी दोघं पाइन कॉटेजला जाऊन आली होती.

‘सायकली भाड्याने देता म्हणे,’ काकू म्हणाल्या.

‘देतो ना, काकू.’

‘अगं, तीस वर्षं हात लावला नाहीस,’ काका म्हणाले.

‘तीस वर्षं लावला नाही म्हणजे विसरले का? नऊवारीतल्या आईला डबलसीट नेलंय मी डेक्कनवरून.’ मग माझ्याकडे वळून, जरा हळू आवाजात: ‘रहदारी किती असते हो?’

‘काकू, वाटेवर एकही गाडी नाही. मागून हॉर्न वाजवायलाच कुणी नाही. आधी उद्यानात दोन चकरा मारा, मी बरोबर चालतो.’

सीट खाली घेतली, दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी. पहिल्या चकरेत हँडल थरथरलं, दुसऱ्या चकरेत त्यांनी मला मागे जायला सांगितलं. काका बराच वेळ कठड्याशी उभे होते. मग म्हणाले, ‘मलाही एक काढा.’ दोघांना पश्चिमेकडे, शाळेपलीकडच्या पाणथळ कुरणापर्यंत जायला सांगितलं. तिकडे वाट रुंद आहे आणि ओलांडण्या थोड्या.

तासाभराने परत आले तेव्हा काकूंचा चेहरा उन्हाने लाल झाला होता. पुण्यात सायकल का सोडली ते त्यांनी न विचारता सांगितलं. नोकरीला सायकलने जात होत्या. एका संध्याकाळी बसच्या चाकाखाली जाता जाता वाचल्या, दुसऱ्या दिवशी स्कूटर घ्यायचं ठरलं. पायांत जोर होता, हौस होती, सायकलही चांगली होती. सायकलींचं शहर म्हणून नाव असलेल्या गावातून अशी हजारो माणसं एकेक करून उतरली असणार. त्यांना कुणी सायकल चालवू नका असं सांगितलं नव्हतं.

एक वाजता

डबा. ऊन पस्तीसच्या पुढे. अर्धा तास दुकान बंद.

दोन ते साडेचार

दुपारी गिऱ्हाईक कमी, म्हणून आठवड्यातून एखादी दुपार मी वाटेसाठी ठेवतो. झाडू, हातमोजे, पिवळा खडू. आज ओहायपासून खाली मीरा माँटेपर्यंत. सराट्याचे वेल कडेला जमिनीसरपट पसरलेले असतात. फळं वाळायच्या आत मुळासकट उपटून पिशवीत भरायचे. झटकले तर बी तिथेच राहतं आणि पुढची कित्येक वर्षं उगवत राहतं. एका ठिकाणी दोन मुली थांबल्या, काय करताय विचारलं, आणि आपणहून मदतीला लागल्या. त्यांना काटा कसा धरायचा ते दाखवलं.

मग मुळं. ओक आणि निलगिरीची मुळं डांबराखालून वर येतात आणि पृष्ठभागाला उंचवटे आणतात. मोटारीच्या जाड टायरला त्याचं काही वाटत नाही. अंधारात, दिवा नसलेल्या सायकलीवर, हँडलला डबा अडकवलेल्या माणसाला तेवढ्याने पडायला होतं. उंचवट्यांभोवती खडूने गोल काढला, शेजारी पान्हा ठेवून उंची कळेल असे फोटो घेतले. झाड तोडावं असं माझं म्हणणं कधीच नसतं. सावली नसेल तर सप्टेंबरच्या दुपारी इथे कुणी पाऊल टाकणार नाही. डांबर खरवडून मुळावरून उतार सौम्य करता येतो, किंवा वाट हातभर बाजूला घेता येते. सर्फर्स पॉइंटला समुद्रासाठी जे केलं ते ओकसाठी करायला काय हरकत आहे?

परतताना एका शेतमजुराची चेन तुटलेली दिसली. जोडून दिली. त्याने पिशवीतून चार लिंबं काढून दिली.

साडेचार ते सहा

शाळा सुटलेली, दुकानात पोरं. हवा भरायला, सीट वर करायला, नुसतंच बसायला. हवा भरायचे पैसे घेत नाही; वडील घेत नसत.

सहा वाजता

शटर खाली. कड्यावर गुलाबी उजेड यायला अजून थोडा वेळ असतो. त्यासाठी गावात लोक जमतात, मी थांबत नाही. नवख्यांना वाटतं जाताना चढ, येताना उतार, मग काय घसरगुंडीच. पण दुपारनंतर आतली जमीन तापते आणि समुद्राचा वारा खोऱ्यात वर घुसतो, थेट तोंडावर. फॉस्टर पार्कच्या खाली, झाडं संपली की, उतारावरही पायडल मारावं लागतं. सकाळी समोरून भेटलेली माणसं आता उलट दिशेने, वाऱ्याच्या जोरावर घरी जाताना दिसतात. हात वर करतात.

साडेसात, घरी

आंघोळीनंतर कॉम्प्युटरवर बसून दोन पत्रं लिहिली. फॉस्टर पार्कच्या वरच्या उंचवट्यांचं काउंटीच्या उद्यान विभागाला, खाली गोदामापाशी फुटलेल्या डांबराचं शहराच्या कचेरीला. प्रत्येक फोटोखाली जवळची ओलांडणी, उंची, आणि सावलीचं झाड कोणतं ते. एकाच पत्रात दोन्ही घातलं की ते इकडून तिकडे फिरत राहतं, म्हणून वेगवेगळी. उद्या सकाळी पहिलं काम मायनर्स ओक्सच्या एका आजींची तीनचाकी: मागच्या आसाचे छर्रे बदलून दहाच्या आत द्यायची आहे, बाजारात जायचं असतं त्यांना.